आवाज आवरणारा उजेड



ध्वनिमुद्रणावर बोला, असं संयोजकांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा गायक, संगीतकार, स्टुडिओतले किस्से असं काहीतरी असावं. किस्से मलाही आवडतात. पण ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मृतीसाठी चालते ते स्वतः ध्वनिमुद्रक होते, जन्मभर काचेच्या अलीकडे बसलेले. काचेच्या अलीकडच्या माणसाचं आयुष्य गाण्यांइतकंच डब्यांच्या संगतीत जातं. म्हणून आज मी एका डब्यावर बोलणार आहे. एकोणीस इंच रुंद, राखाडी रंगाचा, समोर एक काट्याचा मीटर आणि दोन मोठे नॉब. एकावर लिहिलंय 'गेन', दुसऱ्यावर 'पीक रिडक्शन'. त्याचं नाव एलए-२ए, आणि जातीने तो कॉम्प्रेसर.

आवाज ठरावीक मर्यादेच्या वर गेला की आपण होऊन त्याला थोडं खाली ओढायचं आणि तो उतरला की सोडून द्यायचं, एवढंच कॉम्प्रेसरचं काम. किती ओढायचं हे 'रेशो'वरून ठरतं. रेशो चारास एक असेल, तर मर्यादेच्या वर चार डेसिबल चढलेला आवाज एकच डेसिबल चढल्यासारखा बाहेर पडतो. एवढं साधं काम. तरी या कामासाठी गेल्या नव्वद वर्षांत शेकडो यंत्रं झाली, आणि त्यांतल्या काहींवरून ध्वनिमुद्रक मंडळी घराण्यांवरून भांडावं तशी भांडतात. भांडण कशावरून आहे, ते आज सांगायचा प्रयत्न करतो.

हे काम आधी माणूस करायचा. अमेरिकेत किंवा युरोपात रेडिओ केंद्रावरून वाद्यवृंदाचा कार्यक्रम थेट जायचा तेव्हा नियंत्रणकक्षात एक जण नॉबवर बोटं ठेवून बसलेला असे. तिकडचं संगीत लिहिलेलं असतं, त्यामुळे त्याच्यासमोर स्वरलिपी असायची. पितळी वाद्यं घुसायच्या काही मात्रा आधीच तो कोणाच्या लक्षात येणार नाही इतक्या हळू आवाज उतरवत आणायचा, आणि मग एकट्या बासरीसाठी परत चढवायचा. हे केलं नाही तर बासरी खरखरीत बुडते आणि तुताऱ्या ट्रान्समीटरला झेपत नाहीत. मध्यमलहरींच्या प्रक्षेपणात मॉड्युलेशन शंभर टक्क्यांपर्यंतच नेता येतं. त्यापलीकडे गेलात की वाहकलहर क्षणभर तुटते, आवाज फाटतो आणि त्याची घाण शेजारच्या केंद्राच्या लहरींवर उडते. म्हणजे प्रश्न रसिकतेचा नव्हता, कायद्याचा आणि शेजारधर्माचा होता.

माणसाच्या हाताची अडचण अशी की तो मंद आहे. कानाने ऐकून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो, आणि तबल्याची थाप किंवा 'ट'सारखं कठोर व्यंजन तोवर येऊन गेलेलं असतं. त्यात मीटरही मदत करत नाही. अमेरिकेत १९३९ साली जो व्हीयू मीटर प्रमाण ठरला आणि पुढे जगभर पसरला, त्याचा काटा पूर्ण चढायला सुमारे ३०० मिलिसेकंद घेतो. मुद्दामच तसा केलेला आहे, कारण कानाला मोठेपणा साधारण तसाच सरासरीने जाणवतो. पण ट्रान्समीटरला सरासरी कळत नाही, त्याला शिखर कळतं.

हाताची ताकद दुसरीकडे आहे. हाताला पुढचं ठाऊक असतं, यंत्राला फक्त घडून गेलेलं कळतं. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे. कॉम्प्रेसर म्हणजे भविष्य न कळणारा हात. त्यामुळे त्याची सगळी कला काळात आहे: घडलेल्या गोष्टीला किती लवकर उत्तर द्यायचं आणि ती किती वेळ लक्षात ठेवायची. पहिल्याला आम्ही अटॅक म्हणतो, दुसऱ्याला रिलीज. जाहिराती रेशोबद्दल आणि व्हॉल्व्हच्या ऊबदारपणाबद्दल बोलतात. मी तुम्हाला रिलीजबद्दल सांगणार आहे, म्हणजे यंत्राच्या विसरण्याबद्दल. अवघड तेच आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात उरकतो. मूळ कल्पना रेडिओच्या संचातून आली. दूरचं आणि जवळचं केंद्र सारख्याच आवाजात ऐकू यावं म्हणून १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपोआप आवाज जुळवणारे परिपथ आले, आणि १९३०च्या सुमारास त्यांच्यासाठी खास व्हॉल्व्ह आले. ग्रिडवरचा दाब बदलला की त्यांचं वर्धनच कमीजास्त होई. टेलिफोनवाल्यांनी अटलांटिकपारच्या रेडिओ-टेलिफोनसाठी एका टोकाला आवाज दाबायची आणि दुसऱ्या टोकाला परत फुलवायची युक्ती काढली. मग १९३७ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकने '११०-ए' नावाचं यंत्र रेडिओ केंद्रांना विकायला काढलं. ते ट्रान्समीटरच्या आधी बसायचं आणि शिखरं कापायचं. त्याच्याकडून कोणाला सौंदर्याची अपेक्षा नव्हती.

आता जिम लॉरेन्स. हा गृहस्थ लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ केंद्रावर अभियंता होता, म्हणजे नॉबवर बोटं ठेवून बसण्याचा कंटाळा त्याला पुस्तकातून नव्हे, नोकरीतून ठाऊक होता. त्याच्या आयुष्यात आणखी एक धागा होता: टायटन क्षेपणास्त्रांच्या कार्यक्रमासाठी त्याने प्रकाशसंवेदकांवर काम केलं होतं. पॅसाडीनामध्ये त्याने टेलिट्रॉनिक्स नावाची छोटी कंपनी काढली आणि हे दोन धागे एकत्र गुंफले. एलए-१, मग एलए-२, आणि १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात एलए-२ए. नावातली अक्षरं 'लेव्हलिंग अॅम्प्लिफायर'ची, म्हणजे आवाज समतल करणारा वर्धक. कॉम्प्रेसर हा शब्द त्याने नावात घेतलाच नाही.

आत काय आहे? आवाज ट्रान्सफॉर्मरमधून शिरतो आणि लगेच त्याला दोन वाटा फुटतात. मुख्य वाट पुढे व्हॉल्व्हच्या वर्धकाकडे जाते. दुसऱ्या वाटेवर दोन व्हॉल्व्ह तोच आवाज जोरकस करतात आणि एका चपट्या पट्टीला देतात. ही पट्टी इलेक्ट्रोल्युमिनेसन्ट, म्हणजे दोन विद्युतवाही थरांच्या मध्ये फॉस्फर असलेली. तिला उलटसुलट वाहणारा दाब दिला की ती निळसर-हिरवी उजळते. त्या काळात ही नवलाईची चीज होती. रात्रीच्या छोट्या दिव्यांत ती वापरत, आणि १९६० सालच्या क्रायस्लर मोटारींच्या डॅशबोर्डवरचे आकडे याच पट्टीने उजळायचे. लॉरेन्सने तिच्यासमोर कॅडमियम सल्फाइडचे प्रकाशरोध बसवले. अंधारात त्यांचा रोध प्रचंड असतो, उजेड पडला की उतरतो. एक रोध मुख्य वाट आणि जमीन यांच्यामध्ये जोडलेला, दुसरा फक्त मीटर हलवण्यासाठी. गाणं चढलं की पट्टी उजळते, रोध उतरतो, आवाजाचा तेवढा हिस्सा जमिनीत जातो आणि बाहेर येणारा आवाज आवरला जातो. हे सगळं एका बंद डबीत आहे. डबीचं नाव टी-४. ती व्हॉल्व्हच्या साध्या आठ पायांच्या सॉकेटमध्ये खोचता येते, बिघडली तर उपटून दुसरी लावायची.

इथे एक गंमत आहे, तिच्यावरून मी नेहमी घाईने पुढे जातो, आज जाणार नाही. बाकी बहुतेक कॉम्प्रेसरांत आवाजाचं मोजमाप करण्यासाठी तो आधी डायोडने एका दिशेचा करून घ्यावा लागतो, मग तो कपॅसिटरमध्ये साठवतात, आणि कपॅसिटर किती वेगाने रिकामा होतो त्यावर रिलीज ठरतो. लॉरेन्सच्या यंत्रात यातलं काही नाही. ही पट्टी लहरीच्या दोन्ही अर्धांवर उजळते, त्यामुळे वेगळं एकदिशीकरण लागत नाही. गाण्याचीच वीज थेट दिवा लावते. आणि विसरायचं किती वेळात, हे कोणत्याही नॉबवर नाही, ते कॅडमियम सल्फाइडवर सोपवलेलं आहे.

हा पदार्थ मोठ्या विचित्र रीतीने विसरतो. उजेड पडल्यावर सरासरी दहा मिलिसेकंदात तो शुद्धीवर येतो. उजेड गेल्यावर पहिला अर्धा परिणाम सुमारे साठ मिलिसेकंदात ओसरतो, अगदी चटकन. उरलेला अर्धा मात्र अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत रेंगाळतो, आणि किती रेंगाळेल हे आधी किती उजेड, किती वेळ पडला होता त्यावर ठरतं. कारण असं की स्फटिकातल्या विजेच्या कणांपैकी काही जागोजागच्या खाचखळग्यांत अडकतात आणि सवडीने सुटतात. दुपारच्या उन्हात दोन पावलं टाकून माजघरात परत आलात तर लगेच दिसू लागतं. अंगणात तासभर वाळवण घालून आलात तर भिंत चाचपडत जावं लागतं, तसंच काहीसं.

आता हे गाण्याला लावून पाहा. एखाद्या अक्षरावर क्षणभर जोर आला. यंत्राने ओढलं आणि साठ मिलिसेकंदात बरंचसं सोडून दिलं, पुढचं अक्षर आपल्या जागी आलं. पण गायिका चढ्या स्वरात दहा सेकंद राहिली, तर यंत्र ते लक्षात ठेवतं आणि ती खाली आल्यावरही लगेच आवाज उचलत नाही. खोकल्यासाठी बोट हलवायचं नाही, चढत्या अंतऱ्यासाठी हलवायचं, हे अनुभवी माणसाला शिकवावं लागत नाही. या यंत्रालाही शिकवलेलं नव्हतं. पदार्थाच्या आळसातून ते आपोआप आलं. आणि अटॅकचे ते दहा मिलिसेकंद? 'क', 'त', 'प' यांसारख्या स्पर्शव्यंजनांचा फुटण्याचा क्षण त्याच्या आतच उरकतो. यंत्र शुद्धीवर येईपर्यंत व्यंजन निसटलेलं असतं, आणि मग स्वराला लगाम बसतो. म्हणून दाबूनही शब्द स्वच्छ राहतात. गायकाच्या आवाजासाठी एलए-२ए लावा, असं प्रत्येक नवख्याला सांगितलं जातं. का लावायचा, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

लॉरेन्सने हे सगळं आधी ठरवून केलं का? मला तसं वाटत नाही, आणि त्याने त्याची योग्यता कमी होत नाही. उपलब्ध पदार्थांचे दोष कोणते आणि त्यांतले कोणते ठेवून घ्यायचे, हे ओळखणं ही अभियंत्याच्या कसबातली मोठी गोष्ट आहे. रिलीजसाठी तिसरा नॉब बसवणं त्याला अवघड नव्हतं. त्याने तो बसवला नाही. डब्याच्या आत मात्र एक छोटा स्क्रू आहे, 'आर-३७' नावाचा. तो फिरवला की यंत्र खालच्या स्वरांकडे दुर्लक्ष करून वरच्यांना जास्त घाबरतं. एफएम प्रक्षेपणात तीव्र स्वर मुद्दाम उचलून पाठवतात, तिथे तेच आधी मर्यादा ओलांडतात, म्हणून ही सोय. स्टुडिओत त्या स्क्रूला सहसा कोणी हात लावत नाही. पण हा डबा मुळात रेडिओचा, स्टुडिओत तो पाहुणा म्हणून आला आणि राहिला, याची खूण तिथे शिल्लक आहे.

या खोलीत निम्म्याहून अधिक लोक ख्याल ऐकणारे आहेत, म्हणून थोडं आपल्या अंगणात येतो. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात कॉम्प्रेसरची खरी परीक्षा होते ती तानपुऱ्यांमुळे. विलंबितात गायक समेवर येतो, थांबतो, श्वास घेतो. घाईने विसरणारा कॉम्प्रेसर असेल तर त्या विरामात तो भराभरा हात सैल सोडतो आणि मागचे तानपुरे फुगून पुढे येतात. गायकाने पुढचा आलाप उचलला की तानपुरे परत मागे ढकलले जातात. दोन-चार आवर्तनांनंतर तुम्ही गायक ऐकत नाही, तानपुऱ्यांची भरती-ओहोटी ऐकता. पाश्चात्त्य गाण्यात विरामात शांतता असते किंवा ड्रम असतो. आपल्याकडे विराम षड्ज-पंचमाने भरलेला असतो, आणि तो स्थिर असणं हीच त्याची किंमत. उजेडावर चालणारा कॉम्प्रेसर इथे बराच सुसह्य असतो, कारण लांबलेल्या स्वरानंतर तो लगेच विसरत नाही. तानपुरे वर येतात, पण कोणी वर आणतंय असं वाटत नाही.

दुसरा घोटाळा बायाँचा. गाणं आणि तबला एकाच माईकवर असेल तर समेवरच्या 'धा'तला डग्ग्याचा घुमारा ही त्या क्षणातली विजेच्या हिशेबाने सर्वांत मोठी गोष्ट असते. कॉम्प्रेसरला वाटतं, आवाज चढला. तो सगळं खाली ओढतो, नेमका समेवर गायकाचा स्वर खचतो. ज्या क्षणासाठी अख्खं आवर्तन रचलं तोच क्षण यंत्राने पुसला! माईक वेगळे ठेवा, खालचे स्वर यंत्राला ऐकू देऊ नका, असे उपाय आहेत, आणि ते करावेतच. पण मला विचाराल तर ख्यालाच्या आवाजावर मीटरचा काटा दोन-तीन डेसिबलच्या खाली जाऊ देऊ नये, उरलेलं काम फेडरवर बोट ठेवून करावं. आपल्याकडे स्वरलिपी समोर नसते हे खरं. पण मुखडा उचलला की सम कुठे पडणार हे कान असलेल्या ध्वनिमुद्रकाला कळतं. बोटाला ती चाहूल आधी लागते. कोणत्याही कॉम्प्रेसरला, कितीही किमतीचा असो, सम येऊन आदळल्यावरच कळते. ध्वनिमुद्रकाने ताल शिकावा, हे मी तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाबद्दलच बोलतोय, संस्कारांबद्दल नाही.

एलए-२एच्या काळात दुसऱ्या पंथाची यंत्रंही होतीच. न्यूयॉर्कच्या फेअरचाइल्ड कंपनीचं ६६० आणि त्याचं दोन वाहिन्यांचं भावंड ६७० ही राइन नार्मा या मूळच्या एस्टोनियन अभियंत्याची रचना. ६७० मध्ये वीस व्हॉल्व्ह, आणि वजन तीस किलोच्या आसपास. ते घडवलं तबकडी कोरण्यासाठी, कारण मोठा आवाज आला की कोरणारी सुई शेजारच्या खाचेत घुसू शकते. आज ते दंतकथा झालंय त्याला एक कारण बीटल्स. १९६६च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत 'टुमारो नेव्हर नोज' या गाण्यासाठी विशीतल्या जेफ एमेरिक या ध्वनिमुद्रकाने रिंगो स्टारचे ड्रम ६६०मधून इतके दाबून काढले की थापेपेक्षा थापेनंतरची खोली मोठी ऐकू येते. सुई वाचवणारं यंत्र तिथे वाद्य म्हणून वाजलं.

पण एलए-२एचा खरा प्रतिपक्ष तो नव्हे, बिल पटनमचा ११७६. पटनम हा शिकागोचा. हार्मोनिकावादकांच्या एका त्रिकुटाच्या १९४७ सालच्या गाण्यात त्याने स्टुडिओच्या न्हाणीघरात स्पीकर आणि माईक ठेवून घुमारा तयार केला आणि ती तबकडी तुफान खपली. पुढे तो हॉलिवूडला गेला, सनसेट बुलेव्हार्डवर त्याने स्टुडिओ उभारले, आणि स्वतःच्या गरजेची यंत्रं स्वतःच बनवायला लागला. दरम्यान टेलिट्रॉनिक्स आधी बॅबकॉक नावाच्या कंपनीकडे गेली आणि १९६७ साली पटनमच्या कंपनीकडे आली. त्याच वर्षी त्याचा ११७६ बाजारात आला. म्हणजे जगातला सर्वांत सावकाश विसरणारा आणि सर्वांत चपळ, दोघे एकाच छताखाली.

११७६ मध्ये उजेड नाही, व्हॉल्व्ह नाही. आवरण्याचं काम एफईटी जातीचा ट्रान्झिस्टर करतो. त्याचा अटॅक वीस ते आठशे मायक्रोसेकंदांत बसतो. वीस मायक्रोसेकंदांत हवेतला ध्वनी सात मिलिमीटरसुद्धा जात नाही. रिलीज पन्नास मिलिसेकंदांपासून एक सेकंदाच्या थोडं पुढपर्यंत. दोन्ही नॉब उलटे: उजवीकडे फिरवाल तितका वेग जास्त. नवशिक्यांची फजिती इथे ठरलेली. चपळाईची किंमतही असते. हा ट्रान्झिस्टर शहाण्यासारखा वागायला त्याच्यावर अगदी थोडाच दाब असावा लागतो, म्हणून आवाज आधी खूप लहान करायचा आणि नंतर परत फुगवायचा, आणि फुगवताना खरखरही फुगते. ती कमी केली ब्रॅड प्लंकेटने. गिटारवाल्यांचं वा-वा पेडल ज्याच्या परिपथातून आलं, तोच हा. नावामागे 'एलएन' लागलं ते त्याच्या या दुरुस्तीचं.

पटनमने रेशोसाठी चार बटणं दिली: चार, आठ, बारा आणि वीस. एका वेळी एकच दाबायचं, असा हेतू. कोणा ध्वनिमुद्रकांनी चारही एकदम दाबली. त्यामुळे आतले दाब बिघडतात, अटॅक विस्कटतो, आवाज फाटतो आणि ड्रम अंगावर येतात. ही विकृती इतकी लोकप्रिय झाली की तिला 'ब्रिटिश मोड' असं नाव मिळालं. पटनमने हे छापील माहितीपत्रकात लिहिलेलं नव्हतं. शेवटी वापरणाऱ्याच्या बोटांनी त्याच्या यंत्राला एक आवाज मिळवून दिला, हे मला त्या चार बटणांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. दोन्ही एकापाठोपाठ लावायचीही रीत आहे: आधी ११७६ टोकं झेलतो, मग एलए-२ए सावकाश सगळं एका पातळीला आणतो. चपळ हात आणि शहाणा हात, दोन वेगळ्या डब्यांत.

पुढे जे झालं त्याबद्दल मी फार बोलणार नाही, कारण त्याचा मला राग आहे आणि राग आला की मी लांबण लावतो. संगणकात आवाज आला तेव्हा यंत्राला पुढचं कळायला लागलं. काही मिलिसेकंद आवाज रोखून धरायचा, शिखर येताना पाहायचं आणि आधीच हात घालायचा. त्यामुळे शिखरं कितीही कापता येऊ लागली, आणि १९९०च्या दशकापासून सीड्या एकमेकींहून मोठ्या करण्याची शर्यत लागली. २००८ साली मेटॅलिका या बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमच्या चाहत्यांनी तक्रार केली की सीडीपेक्षा व्हिडिओ गेममधली तीच गाणी बरी वाजतात. गेमसाठी दिलेला आवाज कमी दाबलेला होता. जाहिरातींच्या किंचाळण्यावर अमेरिकेत २०१० साली कायदाच करावा लागला. ज्या यंत्राचा जन्म शेजाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून झाला, त्याच्या नातवंडांना शेजाऱ्यासाठी कायद्याने आवरावं लागलं. आता गाण्यांच्या बहुतेक अॅपवर गाणी सरासरी मोठेपणाने मोजून एका पातळीला आणतात, त्यामुळे दाबून मोठं करण्यात फारसा फायदा उरलेला नाही. तरी सवय काही जात नाही.

परत आपल्या डबीकडे. एलए-२ए पटनमच्या कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरपर्यंत बनवला. १९९९ साली त्याच्या मुलांनी युनिव्हर्सल ऑडिओ ही वडिलांची कंपनी पुन्हा उभी केली आणि जुने डबे नव्याने घडवायला घेतले. अडचण डबीत होती. कॅडमियम विषारी. युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतल्या घातक पदार्थांवर बंदी आणली तेव्हा व्यावसायिक ध्वनियंत्रांतल्या प्रकाशरोधांसाठी यादीत एक वेगळी सवलत ठेवावी लागली, ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत. ब्रुसेल्सच्या कायद्यात आमच्या व्यवसायासाठी एक ओळ होती, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि आज बहुतेक तरुण ध्वनिमुद्रक या डबीला हातही लावत नाहीत, त्यांच्याकडे संगणकातली प्रतिकृती असते. ती करणाऱ्यांनी खरे डबे मोजले. किती मिलिसेकंदांत किती सुटतो, आधी किती उजेड होता तर पुढे किती रेंगाळतो, सगळं आकड्यांत बसवलं. पण जुने दोन डबे सारखे वागत नाहीत. म्हणून युनिव्हर्सल ऑडिओनेच विक्रीला ठेवलेल्या संचात तीन वेगळ्या प्रती आहेत: एलए-२, राखाडी एलए-२ए आणि रुपेरी एलए-२ए. तिघांत सगळ्यात सावकाश एलए-२, आणि कंपनी स्वतःच सांगते की त्याची मंदगती आली आहे ती सुमारे पन्नास वर्षांत त्या उजळणाऱ्या पट्टीचं तेज ओसरल्यामुळे. आज ती मंदगती लोक पैसे मोजून घेतात. लॉरेन्सने जेव्हा तो डबा रेडिओ केंद्रांना विकला, तेव्हा पट्टी नवी होती, आणि तो बराच चपळ असणार.